टिश्यूच्या रोपासारखी ऑपरेटिंग सिस्टिम

ऐन मे महिना, केळीची कापणी जोरात, आणि रात्री साडेदहाला सावद्याकडच्या एका वजनकाट्यावरून फोन आला, "भो, काटा चालूच नही होऊन राह्यला." दोन गाड्या भरायच्या खोळंबल्या होत्या. काट्याला जोडलेल्या छोट्या संगणकावर संध्याकाळी अपडेट सुरू झालं होतं. ते निम्म्यात असताना लाईट गेली, आणि परत आल्यावर काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळींपुढे गाडी सरकेना. मी भुसावळहून मोटरसायकल काढली. पेन ड्राइव्हवरून सगळी सिस्टिम नव्याने टाकली, पावतीच्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवला, काट्याची केबल ओळखायला लावली. पहिली पावती निघाली तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांतल्या काट्यांवरचे आणि पॅकहाउसमधले २२ संगणक मी सांभाळतो. सगळे एकाच दिवशी, एकाच पेन ड्राइव्हवरून तयार केलेले. दोन वर्षांत मात्र कोणतेही दोन सारखे उरले नव्हते. एकावर घाईत काहीतरी जास्तीचं बसवलेलं, दुसऱ्यावर महिनोन्‌महिने अपडेट नाही, तिसऱ्यावर एक फाइल हाताने बदललेली आणि ती का बदलली हे मलाच आठवत नाही. बिघाड झाला की तिथे काय आहे इथपासून शोध सुरू. त्या रात्रीनंतर मी पद्धतच बदलली. आता प्रत्येक संगणकावर जाऊन सिस्टिम दुरुस्त करत नाही. सिस्टिम एका जागी बांधतो, तपासतो, प्रसिद्ध करतो, आणि संगणक ती अख्खीच्या अख्खी उचलतात. या पद्धतीला बूटेबल कंटेनर इमेज म्हणतात. माझ्यासारखी कामं करणाऱ्यांना ती माहीत असावी म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे हे समजायला केळीइतकं सोपं उदाहरण नाही. पूर्वी लागवड कंदावर व्हायची. ज्याची बाग चांगली त्याच्याकडून कंद आणायचे, आणि कंदाबरोबर त्या बागेतला रोगही यायचा. एकाच बागेत कुठे घड मोठा, कुठे लहान, निसवण (घड बाहेर पडणं) मागेपुढे. मग टिश्यू कल्चरची रोपं आली. जळगावात जैन इरिगेशनने ग्रँड नैनची रोपं प्रयोगशाळेत वाढवून शेतकऱ्यापर्यंत नेली, आणि आज ‘टिश्यूची केळी’ हा शब्द कोणाला समजवावा लागत नाही. एक निरोगी मातृरोप निवडायचं, विषाणूंसाठी तपासायचं, आणि त्याच्याच ऊतींपासून हजारो सारखी रोपं करायची. बाग एकसारखी येते, कापणी एका हप्त्यात धरता येते. पण मातृरोपातच सीएमव्ही हा विषाणू असला तर तो प्रत्येक रोपात जातो. म्हणून सगळी काळजी मातृरोपापाशी घ्यायची. इमेजचंही अगदी असंच आहे, आणि त्या तपासणीबद्दल पुढे लिहिलं आहे.

आता कंटेनर म्हणजे काय ते पाहू. एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइली एकत्र बांधून, थरांवर थर रचून केलेलं गाठोडं म्हणजे कंटेनर इमेज. २०१३ साली डॉकरने ही पद्धत लोकप्रिय केली. २०१५ मध्ये ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह स्थापन झाला आणि पुढे गाठोड्याचा आकार सर्वांसाठी एक ठरला. त्यामुळे ते कोणत्याही साधनाने बांधता येतं आणि कोणत्याही कोठारात ठेवता येतं. या कोठाराला रजिस्ट्री म्हणतात. नेहमीच्या कंटेनरमध्ये कर्नल, म्हणजे यंत्राशी बोलणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नसतो. ज्या यंत्रावर तो चालतो त्याचाच कर्नल तो वापरतो, म्हणून नुसत्या कंटेनरवर संगणक सुरू होऊ शकत नाही.

बूटेबल इमेजमध्ये कर्नल आणि संगणक उठताना मेमरीत उघडणारी फाइलींची छोटी पुडी, म्हणजे रॅमडिस्कही, आत ठेवलेली असते. म्हणजे गाठोड्यात अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम. ती यंत्रावर उतरवण्याचं, अपडेट करण्याचं आणि मागे नेण्याचं काम बूटसी नावाचं साधन करतं. रेड हॅटमधल्या अभियंत्यांनी ते सुरू केलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन या संस्थेच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे नव्या प्रकल्पांच्या पहिल्या पायरीवर, दाखल झालं. त्याच्या पोटात सिस्टिमच्या आवृत्त्या साठवणारं ऑस्ट्री हे जुनं, मुरलेलं तंत्र आहे. फेडोरा सिल्व्हरब्लू ही लिनक्स त्याच्यावरच उभी आहे.

इथे नवख्यांची एक गल्लत होते. त्यांना वाटतं की संगणक सुरू झाल्यावर सिस्टिम कंटेनरच्या आत चालते. तसं नाही. केळी खोक्यात भरून दिल्लीला जाते. तिथे खोकं उघडलं की उरते ती केळी. कंटेनर हे इथे खोकं आहे, वाहतुकीचं साधन. यंत्रावर उतरल्यावर नेहमीसारखी लिनक्स चालते, बाकीचे प्रोग्राम सुरू करणारी सिस्टिमडी पहिली प्रक्रिया म्हणून उठते, मध्ये कोणतंही कंटेनरचं इंजिन नसतं. खोकं सगळीकडे सारखं असल्याचा फायदा एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की बांधण्याची, साठवण्याची, सही करण्याची, तपासण्याची कंटेनरसाठी तयार झालेली सगळी साधनं आपल्याला ऑपरेटिंग सिस्टिमसाठी फुकट मिळतात.

बांधणी कशी होते

इमेजची कृती एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितात. तिला कंटेनरफाइल म्हणतात. पहिली ओळ ‘फ्रॉम’ची: कोणत्या पायावर बांधायचं. फेडोरा आणि सेंटॉस स्ट्रीम या दोन्ही लिनक्सच्या बूटेबल पाया-इमेज क्वे या रजिस्ट्रीवर मोफत मिळतात. मी सेंटॉसची घेतो, कारण काट्यावरच्या संगणकाला दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती नको असते. मग ‘रन’ची ओळ: डीएनएफ या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने प्रिंटर चालवणारं कप्स आणि लागतील ती पॅकेजेस बसवायची, आणि त्याच ओळीत डीएनएफचा साठा पुसून टाकायचा, नाहीतर तो कचरा इमेजमध्ये कायमचा राहतो. मग ‘कॉपी’च्या ओळी: पावतीचा आपला प्रोग्राम, तो आपोआप सुरू करणारी सिस्टिमडीची फाइल, आणि काट्याची यूएसबी केबल कोणत्याही खाचेत लावली तरी तिला एकच नाव देणारा यूडेव्हचा (जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या भागाचा) नियम. शेवटी बूटसीची स्वतःची तपासणी, ‘कंटेनर लिंट’, जी ढोबळ चुका बांधणीतच अडवते.

माझी अख्खी कृती ४० ओळींची आहे. दोन वर्षांत २२ जागी हाताने केलेलं सगळं काम त्या ४० ओळींत मावलं. ती फाइल गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, असल्यामुळे कोणती ओळ कधी आणि का आली हे आता आठवावं लागत नाही.

ओळींचा क्रम मात्र विचार करून लावा. प्रत्येक ओळीचा एक थर बनतो, आणि यंत्र फक्त बदललेले थर उतरवतं. एक थर बदलला की त्याच्यानंतरचे सगळे थर नव्याने बांधले जातात. म्हणून क्वचित बदलणारी पॅकेजेस आधी, आणि दर हप्त्याला बदलणारा पावतीचा प्रोग्राम सगळ्यात शेवटी. पूर्ण इमेज जीबीच्या घरात जाते, पण असा क्रम लावला की प्रोग्राममधल्या दुरुस्तीसाठी काही एमबीच खाली येतात. ज्या काट्यावर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं तिथे हा फरक रोज जाणवतो.

पासवर्ड किंवा कोणतीही गुप्त किल्ली इमेजमध्ये कधीही घालू नका. पुढच्या ओळीत पुसली तरी मागच्या थरात ती राहतेच, आणि इमेज ज्याच्या हाती लागेल त्याला ती काढता येते. पाया-इमेजमध्ये ठरलेला पासवर्ड मुद्दामच ठेवलेला नसतो. मी फक्त दुरून लॉगिन करण्यासाठीची माझी सार्वजनिक एसएसएच किल्ली आत ठेवतो. ती उघडी पडली तरी बिघडत नाही.

कोणतं फोल्डर कोणाचं

हा भाग नीट समजला तर पुढचे बरेच घोटाळे टळतात, म्हणून इथे थोडा थांबतो.

यूएसआर हे फोल्डर इमेजच्या मालकीचं. प्रोग्राम, लायब्रऱ्या, कर्नल सगळं त्यात. यंत्रावर ते फक्त वाचता येतं, बदलता येत नाही. काट्यावरच्या पोराने कुठला आदेश चुकून मारला तरी सिस्टिमचं काही बिघडत नाही. तपासणीपुरतं काही बसवायचंच असेल तर बूटसी यूएसआरवर तात्पुरतं आवरण टाकू देतं, ते पुढच्या रिबूटला नाहीसं होतं.

व्हार हे यंत्राच्या मालकीचं. पावत्यांचा डेटाबेस, नोंदी, छपाईची रांग इथे. अपडेट याला हात लावत नाही. इमेजमध्ये व्हारमध्ये काही ठेवलं असेल तर ते पहिल्या बसवणीच्या वेळीच उतरतं, नंतर कधीच नाही. मी सुरुवातीला गावांची यादी व्हारमध्ये ठेवली होती, इमेजमध्ये नवी गावं घालत गेलो, आणि काट्यांवर जुनीच यादी दिसत राहिली. यादी यूएसआरमध्ये हलवली तेव्हा प्रश्न सुटला.

ईटीसी हे दोघांचं सामाईक, म्हणून भांडणाचं. इथे सेटिंग असतात. नवी इमेज येते तेव्हा बूटसी तीन बाजू बघतं: जुन्या इमेजमधली फाइल, नव्या इमेजमधली फाइल, आणि यंत्रावर आत्ता असलेली फाइल. यंत्रावर कोणी हात लावला नसेल तर नवी येते. हात लावला असेल तर यंत्रावरची राहते. वायफायचा पासवर्ड, संगणकाचं नाव, जोडलेला प्रिंटर यांच्यासाठी हे अगदी योग्य, कारण ते प्रत्येक काट्यावर वेगळेच असतात. पण फैजपूरकडच्या एका यंत्रावर मी कधीतरी घड्याळ जुळवणारी क्रोनीची फाइल हाताने बदलली होती. पुढे इमेजमध्ये तीच फाइल सुधारली, २१ यंत्रांनी ती घेतली आणि एकाने घेतली नाही. पावत्यांवर वेळ चुकीची येऊ लागली तेव्हा कुठे लक्षात आलं. ऑस्ट्रीचा ‘कॉन्फिग-डिफ’ हा आदेश ईटीसीमध्ये मूळ इमेजपेक्षा काय वेगळं आहे त्याची यादी देतो. तो मी आता महिन्यातून एकदा सगळीकडे चालवतो.

लाईट गेली तर

आता ती सावद्याची रात्र पुन्हा डोळ्यांपुढे आणा. जुन्या पद्धतीत अपडेट म्हणजे चालू सिस्टिममधल्या फाइली एकेक करून बदलणं. निम्म्यात वीज गेली की निम्म्या नव्या, निम्म्या जुन्या. बूटसीत नवी सिस्टिम जुनीच्या शेजारी वेगळी उभी राहते. दोन्हींतल्या सारख्या फाइली डिस्कवर एकदाच ठेवल्या जातात, म्हणून जागा दुप्पट लागत नाही. सगळं उतरून तयार झालं की पुढच्या वेळी कोणत्या सिस्टिमवर उठायचं एवढी एकच खूण बदलते. उतरवताना लाईट गेली तर जुनी सिस्टिम जशीच्या तशी उभी असते, आणि राहिलेलं काम पुढच्या वेळी होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. माझ्यासाठी एवढं एक कारणही पुरेसं होतं.

जुनी सिस्टिम लगेच पुसली जात नाही. नवीत काही चुकलं तर ‘बूटसी रोलबॅक’ म्हणायचं आणि रिबूट करायचं. नवी उठतच नसेल तर सुरुवातीच्या मेनूत जुनी निवडायची, हे काट्यावरचा माणूसही फोनवर सांगितलं की करतो. केळीच्या रोपाला ही सोय नाही, इथे आपलं उदाहरण संपतं. पण मागे जाते ती सिस्टिम. व्हारमधला डेटा मागे जात नाही. नव्या प्रोग्रामने डेटाबेसची रचना बदलली असेल तर मागे गेलेल्या जुन्या प्रोग्रामला तो वाचता येईलच असं नाही. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसची मोठी आवृत्ती बदलली की डेटाचं स्वरूपही बदलतं. म्हणून डेटाबेसची मोठी आवृत्ती बदलायची तर तिचा बेत वेगळा आखा, आधी बॅकअप घ्या, साध्या अपडेटच्या ओघात ती करू नका.

आणखी एक ध्यानात ठेवा. पाया-इमेजमध्ये एक टायमर असतो. तो ठरावीक वेळाने नवी इमेज शोधतो, उतरवतो आणि स्वतःच रिबूट करतो. सर्व्हरला हे ठीक, पण गाडी काट्यावर उभी असताना संगणक बंद होऊन चालू झाला तर काय होईल ते सांगायला नको. मी त्यातलं रिबूट काढून टाकलं. दिवसभरात नवी इमेज उतरून ठेवली जाते. रात्री काटा बंद होतो, सकाळी चालू होतो, तेव्हा ती आपोआप लागू होते.

प्रसिद्ध करणं म्हणजे नुसतं अपलोड नाही

बांधलेली इमेज रजिस्ट्रीत ढकलली की ती प्रसिद्ध झाली. यंत्रं तिथूनच घेतात. पण आता एका चुकीचे २२ बळी होऊ शकतात. मातृरोपाची गोष्ट इथे लागू पडते.

इमेजला दोन प्रकारची ओळख असते. एक टॅग, म्हणजे आपण दिलेलं नाव. ते उद्या दुसऱ्या इमेजला लावता येतं. दुसरी डायजेस्ट, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली ६४ अक्षरांची खूण. आतला एक बाइट बदलला तरी ती पूर्ण बदलते. माझ्या यंत्रांना दोनच टॅग माहीत आहेत, ‘चाचणी’ आणि ‘चालू’. प्रत्येक बांधणीला तारखेचाही टॅग असतो. नवी इमेज आधी ‘चाचणी’ होते. ती मी बूटसी-इमेज-बिल्डरने आभासी यंत्राची डिस्क करून उठवून बघतो, मग भुसावळच्या माझ्या खोलीतल्या खऱ्या काट्यावर. नुसत्या आभासी यंत्रावर विसंबू नका: एकदा तिथे सगळं सुरळीत चाललं आणि खऱ्या केबलवर वजन आलंच नाही. दोन दिवस ठीक गेले की तीच इमेज, तीच डायजेस्ट, इमेज इकडून तिकडे नेणाऱ्या स्कोपिओने ‘चालू’ या टॅगखाली आणतो. पुन्हा बांधत नाही. पुन्हा बांधली तर मधल्या काळात एखादं पॅकेज बदललेलं असू शकतं, आणि मग तपासली एक, गेली दुसरी असं होतं.

‘चालू’ झालेल्या इमेजमध्ये दोष निघालाच, तर प्रत्येक यंत्र मागे नेत बसू नये. तसं केलं तर दुसऱ्या दिवशी टायमर पुन्हा तीच सदोष इमेज उतरवेल. ‘चालू’ हा टॅग मागच्या तारखेच्या इमेजवर न्यायचा, यंत्रं आपणहून तिकडे वळतात.

इमेजवर सही करायला कोसाइन हे साधन आहे. खासगी किल्लीने आपण सही करतो, यंत्रांवर सार्वजनिक किल्ली असते. पण नुसती सही करून भागत नाही. यंत्रावरच्या धोरणाच्या फाइलमध्ये ‘या रजिस्ट्रीतून सही नसलेलं काही घेऊ नको’ असं स्पष्ट लिहावं लागतं. मूळ धोरण बहुतेक ठिकाणी सगळंच स्वीकारणारं असतं. हे मला बरेच महिने माहीत नव्हतं, आणि तोवर माझ्या सह्या कोणी तपासतच नव्हतं.

सुरक्षेच्या दुरुस्त्यांचं ओझंही आता बांधणाऱ्यावर येतं. पायामध्ये दुरुस्ती आली तरी तुम्ही नव्याने बांधेपर्यंत ती यंत्रांपर्यंत पोचत नाही. म्हणून माझी बांधणी दर रविवारी रात्री आपोआप होते, कृतीत एकही ओळ बदलली नसली तरी.

पहिल्यांदा बसवायचं कसं? नव्या यंत्रासाठी इमेज-बिल्डर इन्स्टॉलरची आयएसओ फाइल करून देतो. ती पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि नेहमीसारखी बसवायची. जुन्या यंत्रावरचा पावत्यांचा डेटा आधी बाहेर काढून ठेवा, डिस्क पुसली जाते. एकदा बूटसीवर आलेलं यंत्र मग कोणत्याही इमेजवर ‘स्विच’ करता येतं. पॅकहाउसमधल्या एका संगणकाला मी असं घरून, दहा मिनिटांत, काट्याच्या इमेजवर आणलं.

सातपुड्याच्या पायथ्याला चोपड्याकडे माझे दोन काटे असे आहेत जिथे नेटवर्क नावापुरतं येतं. त्यांच्यासाठी इमेज स्कोपिओने पेन ड्राइव्हवरच्या एका फोल्डरमध्ये उतरवतो. उतरवताना डायजेस्ट बदलू देऊ नको हे त्याला सांगायला विसरत नाही. तो पेन ड्राइव्ह तिकडे जाणाऱ्या गाडीवाल्या नानांकडे देतो. काट्यावर तो लावून बूटसीला त्या फोल्डरवर स्विच करायला सांगायचं, मग रिबूट. नंतर काट्यावरचे दादा फोनवर बूटसीच्या स्टेटसमधल्या डायजेस्टची पहिली आठ अक्षरं वाचून दाखवतात, मी माझ्या वहीतली बघतो. जुळली की तेही यंत्र त्या हप्त्यापुरतं बाकीच्या २१ सारखं झालेलं असतं.